आवाजाचा नंबर

मेथीची जुडी बांधायची एक रीत आहे, आणि ती मला माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त पक्की येते. डाव्या मुठीत मावेल एवढी मेथी घ्यायची, मुळांची बाजू खाली करून लाकडी फळीवर एकदा ठप् आपटायची म्हणजे काड्या एका पातळीत येतात, मग केळीच्या सोपटाचे दोन वेढे देऊन पीळ घालायचा. आमच्या मखमलाबादच्या मळ्यात रोज दुपारी चहा झाला की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे ठप् ठप् सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. आई पहाटे भाजी घेऊन बाजारात जायची, म्हणून दुपारी ती झोपायची. शेडमध्ये आत्या आणि मी. दादा, म्हणजे माझे वडील, पुढच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचे आणि तिथून कानाने देखरेख करायचे. ठप् ठप् नीट येतंय म्हणजे घर नीट चाललंय, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. आमच्या घरात मेथी इतकी खाल्ली जायची की पाहुणे जेवायला बसले की वाढायच्या आधीच ‘मेथी वाटतं’ म्हणायचे. त्यांचं कधी चुकलं नाही.

आत्या दादांची थोरली बहीण. सिन्नरकडच्या एका कोरड्या गावात दिलेली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आलेली. उंच, हाडापेराने मजबूत आणि आवाजाने त्याहून मजबूत. शेडमध्ये तिची बडबड अखंड चालायची. ‘‘मने, ती पिवळी पानं काढ गं! अशी ढिली नको बांधू! हां, आता कसं!’’ गंमत अशी की हे सगळं चालू असताना मी जुडीला हातही लावलेला नसायचा. मी गोणपाटावर पाय पसरून वाचनालयातलं पुस्तक वाचत असायची. कोणाला रागावतेय ही, असा मला प्रश्न पडायचा, पण फुकट मिळणाऱ्या सुखाची चौकशी करण्याचं ते वय नव्हतं. शिवाय ती प्रत्येक जुडी फळीवर दोनदा आपटायची. ठप्‌ठप्, ठप्‌ठप्. मला वाटायचं, आत्या जरा जास्तच टापटिपीची आहे.

दादांना खोकला होता. शेडकडे यायला निघाले की विहिरीपासूनच मोठमोठ्याने खाकरायला लागायचे, आणि ते दारात पोचेपर्यंत माझं पुस्तक गोणपाटाखाली गेलेलं असायचं. त्यांच्या या खोकल्यासाठी आई अडुळशाचा कडू काढा करायची आणि दादा तोंड वेडंवाकडं करून तो मुकाट प्यायचे.

त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात माझं भवितव्य भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवलेलं होतं. तो बी.एड.चा फॉर्म होता. दादांनी स्वतः रांगेत उभं राहून आणला होता. मला मात्र पुण्याला जायचं होतं. तिथल्या एका विभागात नाटक आणि नृत्याच्या अभ्यासाचा एम.ए. सुरू झाला होता आणि त्याची जाहिरात मी इतक्या वेळा वाचली होती की तिच्या घडीवरची अक्षरं पुसली गेली होती. दादांचं म्हणणं सरळ होतं. ‘‘नाचाचा अभ्यास करून कोणी बाई पगाराला लागल्याचं मी तरी ऐकलं नाय. पण तुझा नंबर लागला तर जा. नाय लागला तर त्या कॅलेंडरमागं फॉर्म हाय.’’ प्रवेशासाठी एक अट होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या आधुनिक नृत्याचं किंवा नाटकाचं विश्लेषण लिहायचं, त्यातून समाज आणि इतिहास कसा दिसतो ते सांगायचं, आणि मग मुलाखतीत त्यावर प्रश्नांना तोंड द्यायचं. आता नाशकात आधुनिक नृत्य आणायचं कुठून? आमच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कोळीनृत्य व्हायचं. गोदाकाठच्या आम्ही मुली कमरेला रुमाल बांधून जन्मात न पाहिलेल्या समुद्रात होड्या वल्हवायचो. त्याच्यातून समाज दिसत होता खरा, पण तो पहिल्या रांगेतल्या शिट्ट्या मारणाऱ्या मुलांचा.

मदतीला धावले ते मराठीचे देसले सर. सरांना ‘अन्वयार्थ’ या शब्दाचं व्यसन होतं. तासाला पाच-सहा वेळा तो आला नाही तर त्यांना जेवण जात नसावं. त्यांनी एक दिवस मला स्टाफरूमबाहेर गाठलं आणि सांगितलं की पुढच्या शनिवारी संध्याकाळी शहरात पुण्याचा एक नृत्यप्रयोग येतोय, नाव ‘खडी’. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांवर. सरांनी तो पुण्यात पाहिला होता. ‘‘आणि महत्त्वाचं म्हणजे,’’ सर आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘ज्या बाईंनी हे बसवलंय, त्याच तुमच्या मुलाखतीला असणार. प्रयोगानंतर चर्चा आहे. एखादा अभ्यासू प्रश्न विचारा. छाप पडली पाहिजे.’’ मग त्यांनी मला त्या नृत्याचा अन्वयार्थ सांगितला. मी तो घरी येऊन सहा पानं लिहून काढला. प्रयोग व्हायचा होता आणि माझं विश्लेषण तयार होतं! आज माझे विद्यार्थी असं करतात तेव्हा मी त्यांना फार बोलते. बोलताना थोडी लाजही वाटते.

त्या सहा पानांत काय नव्हतं? नाचणाऱ्या मुली प्रत्येक घावाला मान फिरवतात, त्यावर मी लिहिलं होतं की ही समाजाने फिरवलेली पाठ आहे. त्यांच्या हातात हातोडा नसतो, म्हणजे श्रमिक स्त्रीच्या हाती कधीच काही लागत नाही. आणि प्रयोगाच्या मधोमध एक प्रसंग होता, त्याच्यावर तर मी दीड पान खर्ची घातलं होतं. पाच बायका जमिनीवर निपचित पडलेल्या, आणि सहावी एकटी वेड्यासारखी हात चालवत राहते. सर म्हणाले होते, पुण्यात तिथे निम्मं प्रेक्षागृह रडत होतं. मी लिहिलं, ‘मृत इतिहासाच्या उशाशी बसून एकाकी स्त्री काळाच्या शिळेवर घाव घालते.’ हे वाक्य मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘लय भारी हाय. पण सोपट दे इकडं.’’

एकटीने संध्याकाळी शहरात जायचं नाही, असा दादांचा कायदा होता, म्हणून सरांनी दिलेल्या दोन पासांपैकी दुसऱ्यावर आत्या आली. ती खडी फोडायला गेली होती हे आम्हाला माहीत होतं, पण तेवढंच. ‘बहात्तरला आम्ही खडी फोडली’ एवढं एक वाक्य ती बोलायची आणि पुढे विचारलं की विषय बदलायची. नाच बघायला जायचं म्हणून तिने ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली, आणि नाट्यगृहात खुर्चीवर बसल्या बसल्या पेटी-तबला कुठे बसणार याची चौकशी केली. पेटी-तबला नव्हताच. पडदा वर गेला तर सहा मुली मातकट रंगाच्या साध्या कपड्यांत उकिडव्या बसलेल्या. आत्या माझ्या कानाशी लागली, ‘‘यांचे कपडे यायचे राह्यले का गं?’’

मी तिला गप्प केलं. पण नाच सुरू झाला आणि तिची दाण्यांची पुडी बंद झाली. ती पुढे सरकून बसली. मग हळूहळू, माझ्या दुर्दैवाने, तिला कंठ फुटला. ‘‘एवढा वर हात न्यायचा नाय. दुपारपत्तुर खांदा जाईल.’’ पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. ‘‘हां, ही डावीकडची बरोबर. कोपरातून मारती. हिला कोणीतरी शिकवलंय.’’ मुलींनी घावाबरोबर माना फिरवल्या. मी वहीत ‘समाजाची पाठ’ असं लिहायला पेन उचललं, तेवढ्यात कानाशी आलं, ‘‘अशी मान फिरवायचीच. कपची डोळ्यात गेली की डोळा गेला.’’ माझं पेन तसंच हवेत राहिलं. सहा पानांतलं एक पान तिथल्या तिथे गेलं.

आणि मग तो प्रसंग आला. उजेड मंद झाला. पाच जणी एकेक करून आडव्या झाल्या. सहावी मधोमध बसून दोन्ही हातांनी जमिनीवर मारू लागली, भरभर, थांबता थांबेना. बाकी काही आवाज नाही. प्रेक्षागृहात रुमाल निघाले. देसले सरांनी चष्मा काढून पुसला. मीही रडायच्या बेतात होते, कारण दीड पानाची माझी तयारी होती. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून हसू फुटलं. गालातल्या गालात वगैरे नव्हे. मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं, पोट धरून हसू. ‘‘अगं बाई, आवाजाचा नंबर! हिचा आवाजाचा नंबर हाय!’’

तीनशे माना वळल्या. कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं, कोणी ‘कशाला येतात असली माणसं’ म्हणालं, आणि देसले सरांनी माझ्याकडे जी नजर टाकली तिचा अन्वयार्थ सांगायला कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती. मी आत्याचा हात दाबत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची लाज वाटली. नुसती लाज नाही, रागही आला. मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या कामाला माझ्या घरचं माणूस भर प्रयोगात हसलं होतं. पुढचा सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर नाच नव्हता, बी.एड.चा फॉर्म होता. आत्या पदर तोंडावर धरून खुसुखुसु हसत होती आणि डोळे पुसत होती.

चर्चेला त्या बाई रंगमंचाच्या कडेला येऊन बसल्या. जाड सुती साडी, पिकलेले आखूड केस. देसले सरांनी उठून एक प्रश्न विचारला, जो इतका लांब होता की शेवटाला पोचल्यावर सर स्वतःच सुरुवात विसरले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘मला आधी एक विचारायचंय. मघाशी मधल्या प्रसंगाला कोण हसलं?’’

मी खुर्चीत जेवढं खाली जाता येईल तेवढं गेले. आत्या उभी राहिली. ‘‘मी हसली. माझं चुकलं असंल तर माफी करा, पण मला राहावलं नाय.’’

‘‘चुकलं नाही हो, मावशी. फक्त का हसलात ते सांगा.’’

मग आत्या बोलली. आम्हाला इतक्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते तिने तीनशे परक्या माणसांना सांगितलं. ‘‘रस्त्याच्या कामावर मुकादम लांब बाभळीखाली बसायचा. त्याला आम्ही दिसायचो नाय, नुसता आवाज ऐकू जायचा. मंग आम्ही नंबर लावायचो. एकीनं दोन हातांत दोन हातोडे घ्यायचे आन् सगळ्यांच्या वाटणीचा आवाज काढायचा. तवर बाकीच्या झोपायच्या. कोणी पोराला पाजायची, कोणी कोणाच्या उवा काढायची. ही पोरगी तेच करती. त्या पाच मेल्या नाय, झोपल्यात!’’

मग मागून एक म्हातारा हसला आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘ही हालचाल मला येवल्याकडच्या एका आजींनी करून दाखवली होती. कशाची ते सांगेनात. नुसत्या हसत होत्या. मला वाटलं, दुःख लपवतायत.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘मावशी, वर येऊन दाखवाल?’’

माझी आत्या चपला काढून, रंगमंचाला हात लावून नमस्कार करून वर गेली. इरकलीचा काष्टा मारून मधोमध बसली आणि तिने हात सुरू केले. ठप्‌ठप्, ठप्‌ठप्. मारता मारता ती त्या शिकलेल्या, सडपातळ मुलींना ओरडत होती, ‘‘अशा मेल्यावाणी उताण्या नका पडू! कुशीवर व्हा. तू हिच्या अंगावर हात टाक. तू तोंडावर पदर घे, ऊन हाय!’’ मुली तशा झाल्या. तोच प्रसंग, त्याच सहा जागा, आणि आता तिथे प्रेतं नव्हती. दुपारची चोरून घेतलेली झोप होती आणि तिची राखण करणारी एक बाई होती. मी वहीत काहीच लिहिलं नाही. मला रडू आलं, आणि या वेळी त्याची तयारी केलेली नव्हती.

कोणीतरी खालून विचारलं, ‘‘मुकादमाला कधी कळलं नाही का?’’

‘‘न कळायला काय झालं? आम्ही सहाजणी, आन् आवाज एका तालात!’’ आत्या हात झटकत उठली. ‘‘पण माणूस चांगला होता. आमच्याकडं यायचा झाला की निम्म्या वाटेपासूनच खाकरायचा.’’

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी तिला विचारलं, मग दुःख नव्हतंच का? ती जुड्या बांधत होती, वर पाहिलं नाही. ‘‘नव्हतं कसं? पोटाला पीळ पडायचा. दुपारची सरकारी सुकडी खायला मिळायची ती पदरात बांधून सासूला न्यायची. पण भूक काय, सगळ्यांना दिसत होती. तुमच्या पुस्तकात पण लिहिलीय म्हणतीस. झोप आम्ही चोरली होती. ती कोण लिहिणार?’’ आणि लगेच मोठ्याने, ‘‘मने, पिवळी पानं काढ!’’

मी सहा पानं फाडली आणि नवीन लिहिली. देसले सरांनी ती वाचून कपाळाला हात लावला. ‘‘अहो, संदर्भग्रंथांच्या यादीत तुम्ही आत्या लिहिलीय! आत्या हा संदर्भ होऊ शकत नाही. जुनं द्या, जुनं पक्कं होतं.’’ आणि खरंच पक्कं होतं. चार दिवस दोन्ही निबंध माझ्या ट्रंकेत शेजारी शेजारी होते. म्हणजे जुन्याचे तुकडे मी गव्हाच्या खळीने जोडून ठेवले होते, एवढी काही मी शूर नव्हते. जुन्यात बाईंची स्तुती होती. नव्यात, कितीही सांभाळून लिहिलं तरी, बाई चुकल्या असं निघत होतं. पाचव्या दिवशी मी नवा पाकिटात घातला आणि पोस्टातून बाहेर आल्यावर लगेच पस्तावले.

मुलाखतीला तिघे होते. मधे त्या बाई. त्यांनी माझे कागद पुढे ओढले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही लिहिलंय, मी माझ्याच नृत्याचा अर्थ चुकीचा लावला.’’

देसले सरांनी शिकवलेली सगळी वाक्यं गायब झाली. जे तोंडात आलं ते बोलले, ‘‘हात बरोबरच होते, बाई. आत्या म्हणाली, कोणीतरी शिकवलंय. पण तुम्ही आणि आम्ही खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकला आणि वाटलं, केवढे हे कष्ट. मुकादमालाही बाभळीखालून तेवढाच ऐकू यायचा.’’

मी मनात म्हटलं, संपलं. बाईंनी चष्मा काढला, कागदाकडे पाहिलं, आणि इतक्या हसल्या की शेजारच्या गृहस्थांनी त्यांना पाण्याचा ग्लास पुढे केला. ‘‘त्यानंतरचे सगळे प्रयोग आम्ही कुशीवर झोपून केले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लोक अजून रडतात. पण आता उशिरा रडतात.’’

नंबर लागला. पत्र आलं त्या दिवशी दादांनी कॅलेंडरमागचा फॉर्म काढला, एकदा उलटसुलट पाहिला आणि त्यात कोथिंबिरीचं बी बांधून ठेवलं. एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा घरी आले. दुपारी चहा झाल्यावर दादांच्या शेजारी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. मागे शेडमध्ये आत्या एकटीच होती. ठप्‌ठप्, ठप्‌ठप्. आजवर तो आवाज मी ओट्यावरून कधी ऐकलाच नव्हता. इथून तो चक्क दोन माणसांचा येत होता. मी ऐकत राहिले, आणि एकदम लक्षात आलं. इतकी वर्षं माझा नंबर ती लावत होती.

‘‘दादा, आत्या अजून दोनदा आपटते,’’ मी म्हणाले.

‘‘सवय झाली तिला,’’ दादा तंबाखू मळत म्हणाले. ‘‘बारा वर्षं झाली. दुसरा हात तुझ्या नावचा.’’

त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात ठेवली, हात झटकले आणि जुड्या आणायला शेडकडे निघाले. छाती चांगली ठणठणीत होती. सकाळपासून ते एकदाही खोकले नव्हते. विहिरीपाशी पोचले, थांबले, आणि तिथून मोठ्याने खाकरले.

आणि ओट्यावर उघड्यावर बसलेली मी, मांडीवरचं पुस्तक लपवायला झटकन गोणपाट शोधू लागले.